विहीर कोणाच्या पैशाची?

रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. महाडच्या संगराची सुरुवात या ठरावापासून होते हे आपल्या चळवळीतल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु ठरावाची शब्दयोजना फारसे कोणी बारकाईने वाचत नाही. अस्पृश्यांना कोणते पाणवठे, कोणत्या विहिरी, कोणत्या धर्मशाळा खुल्या व्हाव्यात? ज्या सार्वजनिक पैशातून बांधल्या वा राखल्या जातात, किंवा ज्या सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांच्या ताब्यात आहेत, त्या. म्हणजे माणसाला पाणी मिळावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर विहीर कोणाच्या पैशाने खणली यावर अवलंबून ठेवले गेले. बोले यांना दोष देण्याचा हेतू नाही. त्या काळी कौन्सिलात यापेक्षा अधिक मिळणे अवघड होते. आणि १९२६ साली त्यांनीच पुढचा ठराव आणला की, ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हा ठराव अमलात आणणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान रोखावे. पैशाचे कुलूप पैशाच्याच किल्लीने उघडते, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

हे कुलूप बोले यांच्या आधीचे आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. त्यावरून जो पत्रव्यवहार झाला त्याची परिणती १८५८ च्या सरकारी धोरणात झाली. सर्वस्वी सरकारच्या खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या राहतील; मात्र जेथे स्थानिक वर्गणीदारांचा पैसा आहे आणि त्यांना खालच्या जातींची मुले नको आहेत, तेथे सरकार ती घुसवू इच्छीत नाही; फार तर अशा शाळेची मदत बंद करण्याचा हक्क सरकार राखून ठेवते. सायमन कमिशनपुढे १९२८ साली बाबासाहेबांनी सादर केलेल्या निवेदनात हा इतिहास आला आहे. वर्गणीदाराला नकाराधिकार! ज्याने दहा रुपये दिले त्याने शाळेच्या दारात उभे राहून कोणी आत यावे हे ठरवावे, ही ती व्यवस्था.

आणि आपण पैसे देत नव्हतो काय? मुंबई इलाख्यात १८६३ पासून जमीन महसुलावर दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली आणि १८६९ च्या कायद्याने ती पक्की झाली. तिचे दोन भाग रस्त्यांना आणि एक भाग शाळांना जात असे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात सरकार आणि कष्टकरी यांच्यामध्ये खोत बसलेला होता. सरकारच्या वहीत भरणा खोताच्या नावाने होई. पण पैसा निघे तो अर्धेलीने राबणाऱ्या कुळाच्या भातातून. त्या कुळांत कुणबी होते तसे महारही होते. शिवाय ओझी वाहणे, टपाल पोचवणे, येणाऱ्या जाणाऱ्या अंमलदाराची सरबराई करणे ही वेठ वेगळीच. तिची नोंद कुठल्याच जमाखर्चात सापडणार नाही. रस्ता आमच्या घामाचा, आणि त्या रस्त्यावर सावली पडू नये म्हणून बाजूला व्हायचे तेही आम्हीच. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी विचारले ते हेच होते: रयतेच्या कष्टातून सरकारी तिजोरी भरते, मग ती वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर का रिती होते? आमच्याकडे जोतीरावांचे हे निवेदन शिक्षणाच्या इतिहासात शिकवले जाते. ते सार्वजनिक आयव्ययाच्या अभ्यासक्रमात असायला हवे.

मी मालगुंडचे नाव या लेखात आणतो ते अशासाठी की, मालगुंड म्हटले की मराठी माणसाला एकच गोष्ट आठवते, केशवसुतांचे जन्मगाव. १८६६ साली ते येथे जन्मले. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेल्या त्यांच्या स्मारकाचे १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते उद्घाटन झाले. सहली येतात, गुरुजी मुलांना कवितांचे फलक वाचून दाखवतात. ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ ही कविता याच कवीची आहे आणि त्या प्रश्नाचे कारण वाटेतून दूर हो म्हणून दरडावणे हे आहे, हे सगळेच गुरुजी सांगतात असे नाही. पण मला येथे कवितेपेक्षा कवीचा मृत्यू आठवतो. १९०५ साली केशवसुत हुबळीला प्लेगने गेले. ज्या प्लेगने त्यांना नेले, त्याच प्लेगने मुंबई शहराला नगररचनेचे अर्थकारण शिकवले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये कायद्याने ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. गलिच्छ वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे, उत्तरेकडे नव्या वसाहती आखणे हे त्याचे काम. पैसा कोठून? सरकारने आणि पालिकेने मोकळ्या जमिनी दिल्या, पालिकेने करातला वाटा दरवर्षी दिला, बाकी कर्जरोखे. रस्ता काढला की त्याच्या कडेच्या जमिनीची किंमत वाढते, ती जमीन भाडेपट्ट्याने दिली की रस्त्याचा खर्च निघतो, हे त्यामागचे गणित. आज नगरविकासाच्या परिषदांत जे नवे म्हणून सांगितले जाते, ते इतके जुने आहे. सँडहर्स्ट रोड निघाला, प्रिन्सेस स्ट्रीट निघाला, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती झाल्या. आणि पाडलेल्या खोल्यांतून उठवलेली माणसे? त्यांच्यापैकी थोड्यांनाच ट्रस्टच्या चाळींत जागा मिळाली. उरलेली माणसे शेजारच्या चाळींत दाटीने शिरली आणि एक गलिच्छ वस्ती हटवून दुसरी तयार झाली.

परळची बी.आय.टी. चाळ याच ट्रस्टची. बाबासाहेबांचे वीस-बावीस वर्षांचे वास्तव्य या चाळीतल्या दोन खोल्यांत झाले. पुढे ‘राजगृह’ बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत, म्हणजे त्याच ट्रस्टने आखलेल्या वसाहतीत. एका माणसाच्या आयुष्यात शहर सुधारण्याच्या योजनेची दोन्ही टोके आली, कामगारांची चाळ आणि मध्यमवर्गाचा भूखंड. त्यांच्या बरोबरचे हजारो लोक मात्र पहिल्याच टोकाला राहिले.

१९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने या गणिताला कायद्याचे रूप दिले. योजनेमुळे जमिनीची जी किंमत वाढेल, त्या वाढीतला जास्तीत जास्त निम्मा हिस्सा मालकाकडून वसूल करायचा. मालकाने काहीच न करता त्याची जमीन महाग झाली, ती समाजाच्या खर्चाने झाली, म्हणून समाजाने वाटा मागायचा. तत्त्व म्हणून यात वावगे काही नाही. माझे तर म्हणणे असे की या देशात जमिनीच्या मालकीविषयी कायद्याने बोललेले जे थोडे न्याय्य शब्द आहेत त्यांपैकी हे आहेत. अडचण वसुलीची होती. मालक कज्जे करीत, किंमत किती वाढली यावर वर्षानुवर्षे वाद चालत, योजना कागदावर राहत.

१९२० साली गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ आले आणि कामगारांसाठी चाळी बांधायचे ठरले. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवला. जो गिरणीधंदा खेड्यातून माणूस ओढून आणतो, त्याच धंद्याच्या कच्च्या मालावर माणसाच्या घराचा कर. पुढे ‘विकासकाकडून शुल्क’ म्हणून जे आले त्याचा पूर्वज म्हणून मी या रुपयाकडे पाहतो. त्यातून वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. बहुतेक चाळींत ८० खोल्या आणि एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. सिमेंटच्या या तुरुंगासारख्या इमारतींत पुढे कोकणातले, साताऱ्याकडचे आपले लोक मोठ्या संख्येने आले. तेथून चळवळीला माणसे मिळाली, जलसे मिळाले, १९७४ च्या वरळीच्या दंगलीत मार खाणारी आणि उलटून उभी राहणारी पोरे मिळाली.

माझे आजोबा अशाच एका चाळीत राहिले. राहिले म्हणजे काय, तर गावकीच्या खोलीत पथारी टाकली. एका खोलीत पंधरा-सोळा माणसे, पाळीप्रमाणे झोप. भाड्याची पावती एका भाऊबंदाच्या नावावर. वडीलही तेथूनच गिरणीत गेले आणि १९८२ च्या संपानंतर गावी परतले. आमच्या घरात पहिला पदवीधर मी. या चाळींच्या पुनर्विकासाचा निर्णय २०१६ मध्ये झाला, म्हाडाकडे काम गेले, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मला त्याचा मनापासून आनंद झाला. शंभर वर्षे १६० चौरस फुटांत काढलेल्यांना हे घर कोणी मेहेरबानी म्हणून दिलेले नाही. पण घर पावतीमागे मिळते. गावकीच्या खोलीत पथारी टाकून ज्यांनी मुंबई चालवली, त्यांच्या नावे कोठेच पावती नाही. कापसाच्या गाठीमागच्या त्या रुपयात त्यांच्या श्रमाचा हिस्सा होता की नव्हता, हा हिशेब कोणी मांडायचा?

महाडकडे वळू. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बोले यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. मग दावा. तळे सार्वजनिक नाहीच, असा सवर्ण वादींचा पवित्रा होता. तळे नगरपालिकेकडे आहे, हे कोर्टात ठरले आणि मग भांडण उरले ते रूढीचे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादि रूढी सिद्ध झालेली नाही. ज्या मालमत्तेवर सार्वजनिक संस्थेचा शिक्का आहे तेथे जातीचा हक्क सांगणे कठीण जाते, एवढी गोष्ट या दाव्याने शिकवली. म्हणूनच ‘हे कोणाच्या पैशातून आले’ हा प्रश्न कारकुनी प्रश्न नव्हे.

स्वातंत्र्यानंतर १९६६ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला. १९९२ मध्ये त्यात एक नवे प्रकरण घालून ‘विकास शुल्क’ आणले गेले. कोणी जमीन विकसित करील किंवा इमारत बांधील, त्याने परवानगी घेतानाच नियोजन प्राधिकरणाकडे शुल्क भरायचे. ते वेगळ्या निधीत ठेवायचे. आणि त्यातून त्या क्षेत्रात सार्वजनिक सोयी करायच्या. आरंभी दर चौरस मीटरमागे रक्कम ठरलेली असे, पुढे ती रेडी रेकनरच्या टक्केवारीत आली. निवासी बांधकामाला जमिनीवर अर्धा टक्का आणि बांधकामावर दोन टक्के, व्यापारी बांधकामाला त्याच्या दुप्पट. मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठी काही शहरांत यातही वाढ झाली. १९१५ च्या कायद्यात किंमत वाढल्यावर वाटा मागायचा होता, येथे परवानगीच्या खिडकीवरच घ्यायचा. वसुली सोपी झाली हे खरे.

कर आणि शुल्क यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यात सांगितला आहे. कर समान तिजोरीत जातो, त्याच्या बदल्यात देणाऱ्याला विशिष्ट लाभ मिळेलच असे नाही. शुल्काच्या पाठीमागे सेवा असते. वकिलाला हा फरक तांत्रिक वाटेल. आपल्याला तो तसा वाटता कामा नये. करातून झालेल्या नळावर झाडूवालीचाही तेवढाच हक्क असतो जेवढा बंगलेवाल्याचा, कारण पैसा कोणाचा हे तिजोरीत गेल्यावर पुसले जाते. शुल्कातून झालेल्या नळाकडे बोट दाखवून बंगलेवाला म्हणतो, याचे पैसे मी भरले आहेत. १८५८ चा वर्गणीदार पुन्हा दारात उभा राहतो.

आणि काळ पाहा. १९९१ च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत हस्तांतरणीय विकास हक्क आले: रस्त्यासाठी जमीन द्या, मोबदल्यात दुसरीकडे चटईक्षेत्र घ्या. १९९२ मध्ये विकास शुल्क. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण: झोपडीवाल्याला २२५ चौरस फुटांचे घर फुकट, आणि त्याचा खर्च बिल्डरने वर बांधून विकलेल्या घरांतून. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली, २०१७ मध्ये मुंबईचीही. याच दशकात, १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना एक तृतीयांश जागा स्थानिक संस्थांत राखून मिळाल्या. आपली माणसे, आपल्या बाया सभागृहात जाऊन बसल्या तेव्हा सभागृहाच्या हातचा पैसा शुल्कात, प्रीमियममध्ये, टीडीआरमध्ये आणि प्राधिकरणांत निघून जाऊ लागला होता. हा कट होता असे मी म्हणत नाही. इतिहासात कटाशिवायही पुष्कळ गोष्टी वरच्यांच्या सोयीने घडतात.

विकासकाच्या पैशावर गाव चालू लागले की गावाचे हित विकासकाच्या हिताला बांधले जाते. जानेवारी २०२१ मध्ये, कोरोनाच्या मंदीत, राज्य सरकारने बांधकामाच्या प्रीमियममध्ये वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सवलत दिली. अट एवढीच की घर घेणाऱ्याचे मुद्रांक शुल्क बिल्डरने भरावे. त्याच मंदीत घरकाम सुटलेल्या बाईची पाणीपट्टी कोणी निम्मी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. झोपडीवाल्याचे घरही बाजार तेजीत असेल तर वर चढते आणि मंदीत अर्ध्यावर लटकते. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी घ्यावा असा कायदा १९९६ मध्ये झाला. विकासकाकडून घेतल्या जाणाऱ्या सगळ्या रकमांत मला हीच सर्वांत सरळ वाटते, कारण ती इमारत उभी करणाऱ्या हातांसाठी आहे. पण नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला नोंदणीसाठी कामाचा दाखला लागतो आणि तो दाखला ज्याने द्यायचा तो मुकादम दुसऱ्या दिवशी ओळखही दाखवत नाही.

परदेशात काय झाले हेही जाता जाता पाहावे. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये जनमताने मालमत्ता करावर टाच आणली गेली आणि तेथील शहरे नव्या घरांवरच्या शुल्काकडे वळली. आधीपासून घर असलेल्याचा कर गोठला; नवे घर घेणाऱ्याने, म्हणजे पुष्कळदा तरुणाने वा बाहेरून आलेल्याने, शाळेचा आणि गटाराचा खर्च उचलायचा. १९८७ मध्ये नोलान खटल्यात तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की समुद्रकाठी घर बांधायच्या परवानगीच्या बदल्यात लोकांना पुळणीवरून जाण्याची वाट मागायची असेल, तर त्या अटीचा आणि बांधकामाच्या परिणामाचा संबंध दाखवावा लागेल. म्हणजे मालकाचे संरक्षण न्यायालयाने केले. पुळणीवरून चालणाऱ्याचे कोणी केले?

आमच्याकडेही पुळण आहे. आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे ओलांडून मालगुंडात यावे, तर गायवाडीच्या किनाऱ्यापर्यंत सुरूची झाडे, वाळू आणि सुट्टीच्या दिवसांत मोटारींची रांग. गणपतीपुळ्याच्या आसपास निवासगृहे उठली, डोंगराच्या उतारावर प्लॉट पडले, जाहिरातीत समुद्र दिसतो. मालगुंडला नगरपालिका नाही, ग्रामपंचायत आहे. गावठाणाबाहेरच्या मोठ्या बांधकामाची परवानगी जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते, अकृषिक आकारणी महसूल खात्याची, किनारा १९९१ पासून केंद्राच्या अधिसूचनेखाली. म्हणजे विहीर गावची उपसते, कचरा गावच्या व्हाळात येतो, आणि कागद गावाबाहेर फिरतात. जांभ्या दगडाच्या सड्यावर पाणी टिकत नाही हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही कळते. पाऊस पाच हात पडो, एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो. अशा वेळी ज्याच्याकडे कूपनलिका आणि पंप आहे तो टिकतो, आणि वाडीतली बाई हंडा घेऊन दुसऱ्या वाडीच्या विहिरीवर जाते. तेथे तिला आज कोणी उघडपणे अडवणार नाही. ‘आमच्या वाडीलाच पुरत नाही’ एवढेच म्हणतील.

जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत आपली वाडी गावाच्या टोकाला आहे. रस्ता मंदिरापर्यंत डांबरी, पुढे खडी, आणि आपल्या वाडीत पाखाडी. नवा रस्ता होतो तो नव्या प्लॉटकडे, कारण तेथला माणूस पैसे भरतो, निदान त्याच्यासाठी कोणीतरी भरतो. विकास शुल्काचा नियम म्हणतो, ज्या क्षेत्रात विकास त्या क्षेत्रात सोयी. ऐकायला न्याय्य आहे. पण जेथे कधी विकास झाला नाही, जेथे कोणी बंगला बांधणार नाही, त्या क्षेत्राचे काय? तेथे शुल्क जमणार नाही, म्हणून सोय होणार नाही. सोय नाही म्हणून जमिनीला भाव येणार नाही. दलित वस्ती सुधार योजना आहे ना, असे उत्तर मिळते. तिच्यातून समाजमंदिर होते, एक कमान होते, पाखाडीला सिमेंट लागते. मी तिला कमी लेखत नाही, माझ्या वाडीतला पहिला दिवा अशाच निधीतून आला. पण त्यात एक मेख आहे. दलितांसाठी वेगळा निधी आहे असे म्हटले की सर्वांच्या निधीतून दलित वजा होतात. जो निधी अधिक म्हणून मिळायचा, तो ऐवजी म्हणून मिळतो.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १५ टक्के भाग मागासवर्गीयांवर खर्च करावा असा दंडक महाराष्ट्रात आहे. तो पाळला जातो की नाही हे विचारायला आपले कार्यकर्ते शिकले. पण १५ टक्के कशाचे, हे कमी जण विचारतात. घरपट्टी, पाणीपट्टीचे? मग जो पैसा गावच्या जमिनीतून निर्माण होऊन शुल्क, आकारणी आणि मुद्रांक या वाटांनी गावाबाहेर जातो, तो या हिशेबात धरला जात नाही. बेरीज जितकी लहान, पंधरा टक्क्यांचा हिस्सा तितका लहान.

माझ्या महाविद्यालयातल्या आठ-दहा विद्यार्थ्यांना घेऊन मी गेल्या उन्हाळ्यात एक काम सुरू केले आहे. त्यांच्यातले बहुतेक वाड्यांवरून एस.टी.ने येणारे, तीन मुली कुणब्यांच्या, बाकी आपले. प्रत्येकाने आपल्या गावातल्या सार्वजनिक विहिरी, टाक्या, पाखाड्या आणि रस्ते यांची यादी करायची आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहायच्या: कोणत्या साली झाले, कोणत्या निधीतून झाले, कोणत्या वाडीपर्यंत पोचले. पहिल्या आठवड्यात मुले म्हणाली, सर, हे कोणालाच माहीत नाही. ग्रामसेवक म्हणतात जुने दप्तर भिजले. मग आम्ही २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने अर्ज लिहायला बसलो. दहा वर्षांत गावाच्या हद्दीत किती बांधकामांना परवानगी मिळाली, त्यांच्याकडून कोणकोणत्या नावाने किती रक्कम घेतली, ती कोणत्या खात्यात जमा झाली, त्यातली किती गावात परत आली आणि कोणत्या वाडीत खर्च झाली. पाच प्रश्न, दहा रुपयांचा शिक्का. एका मुलीने आपल्या अर्जात सहावा प्रश्न स्वतःहून घातला: वाडीतल्या विहिरीच्या कठड्यावर देणगीदाराचे नाव कोरले आहे, परंतु ती विहीर ज्यांनी खणली त्यांना मजुरी कोणत्या निधीतून दिली, आणि त्या निधीत पैसे कोणाचे होते? माहिती अधिकाऱ्याला याचे उत्तर देता येईल असे मला वाटत नाही. प्रश्न मी खोडला नाही. अर्ज तसाच गेला आहे.